मानाच्या रांगेतलं रक्त

मनोहरराव जगतापांना आताशा माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, हाताची शीर तेवढी राहायची. सदतीस वर्षं म्हैसूरच्या एका संशोधन संस्थेत लोकांचं रक्त काढण्यात गेल्यावर दुसरं काय होणार? बोगादीच्या बसमध्ये शेजारच्यानं बाही सरकवून वरचा दांडा धरला, की यांचं मन लगेच म्हणे, डाव्या हाताची बरी आहे, पहिल्या टोचणीत मिळेल. मार्चअखेर निवृत्ती होती. लोक विचारत, मग पुढे काय करणार राव? मनोहरराव म्हणत, झोपणार. लोक हसत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. माणूस खरोखर थकला होता.

शिपाई म्हणून लागले, बाटल्या धुतल्या, पुढे तंत्रज्ञ झाले. जीपमधून एच. डी. कोटेच्या जंगलाकडेच्या वाड्या पालथ्या घातल्या, पिरियापट्टणच्या तंबाखूच्या गावांत शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. सगळीकडे काम तेच. प्रत्येक माणसात प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. त्या दोन प्रतींची जोडी कशी आहे ते बघायचं, म्हणजे त्याचा जीनोटाइप. मग अख्ख्या समाजात एकूण प्रती किती आणि त्यांत बिघडलेल्या किती, याचा हिशोब मांडायचा. शेकडा चार, शेकडा सात, काय असेल ते. मोठे लोक त्यावर लेख लिहीत आणि परदेशी जात. मनोहरराव जीपमध्ये मागच्या बाजूला, बर्फाच्या पेटीवर पाय ठेवून बसत आणि घरी येत.

दीड वर्षापूर्वी संस्थेच्या डॉक्टर शरण्या मॅडमना एक कल्पना सुचली. जंगलात कशाला जायचं, गावातच एक बंद समाज आहे की! जुन्या म्हैसूरच्या फौजेत आलेल्या मराठ्यांची घराणी. दोनशे वर्षं इथे राहिली, भाषा अर्धी कानडी झाली, पण सोयरिकी आपापसांतच. आत्याच्या घरची मुलगी मामाच्या घरी, मामाच्या घरची मावशीच्या दिरासाठी, असं फिरत फिरत सगळे एकमेकांचे दोन-तीन नात्यांनी पाहुणे. मॅडमना त्यांच्यातल्या थॅलेसेमियाच्या, म्हणजे अंगात पुरेसं रक्त न बनण्याच्या आजाराच्या, जीनचं प्रमाण काढायचं होतं. आणि हा समाज म्हणजे मनोहररावांचाच समाज.

‘तुमच्या शब्दावर देतील ना लोक रक्त?’ मॅडमनी विचारलं.

मनोहरराव हो म्हणाले. नाही म्हणायला अंगात जोर लागतो, तो त्यांच्यात कधीच नव्हता.

समाजाच्या हॉलमध्ये बैठक झाली. मनोहररावांनी आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर शब्द दिला. नळीवर नाव नसेल, फक्त नंबर असेल. प्रत्येकाला त्याच्या नंबरची हिरवी चिठ्ठी मिळेल. ज्याला स्वतःचा रिपोर्ट हवा त्यानं चिठ्ठी घेऊन यावं. कुणाचं नाव बाहेर जाणार नाही, कुणाची सोयरीक आमच्या कागदामुळे मोडणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग जी चूक झाली ती याच लोकांच्या हातून व्हावी. मॅडमचं म्हणणं होतं, कुणीही कसंही या, मिसळून या, म्हणजे नंबरावरून माणूस ओळखता येणार नाही. पण समाजाच्या हॉलमध्ये कुणीही कसंही येत नाही. तिथे पानसुपारीसुद्धा घराण्याच्या मानानं मिळते. कुणाचा पूर्वज फौजेत किती घोडे बाळगून होता, त्यावर आज त्याचा नातू कितव्या खुर्चीवर बसणार ते ठरतं. नातू बँकेत कारकून का असेना! पहिल्या मानाचं घराणं आधी हात पुढे करणार, मग दुसऱ्या मानाचं, मग तिसऱ्या. घराण्यात पुन्हा वयानं मोठा आधी. कुणाला मागचा नंबर दिला असता तर माणसं चपला घालून निघून गेली असती. मनोहररावांनी विचार केला, नसता वाद कशाला? रांग मानाची लावली. चारशे बारा माणसांचं रक्त मानपानाच्या क्रमानं नळ्यांत भरलं गेलं आणि त्याच क्रमानं त्यावर नंबर पडले. नावांची वही कुलपात गेली, पण समाजातल्या ज्याला मान पाठ आहे त्याला वहीची गरजच उरली नाही. आणि मनोहररावांना मान पाठ होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी निकालाचा तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवला. ‘एकदा नंबर ताडून बघा.’

मनोहररावांनी चष्मा चढवला आणि बोट ठेवत खाली सरकू लागले. चांगल्या प्रतीला एन, बिघडलेल्या प्रतीला टी. बहुतेकांपुढे एन-एन. मधूनच एखादा एन-टी. एन-टी म्हणजे स्वतः धडधाकट, पण बिघडलेली एक प्रत अंगात बाळगणारा. एकवीस नंबरापुढे एन-टी होतं. दुसऱ्या मानाचं घराणं एकोणीसला सुरू होत होतं. एकोणीस रणोजीराव, वीस त्यांची बायको, एकवीस मुलगा विश्वजीत. बोट तिथे जरा अडखळलं आणि पुढे गेलं. एकशे चौसष्टपुढेही एन-टी. नवव्या मानाच्या घराण्यातली शेवटची, सगळ्यांत धाकटी. चंदना.

या दोघांचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.

रणोजीराव म्हणजे मनोहररावांच्या बायकोचा, वनजाचा, थोरला भाऊ. चंदना वनजाच्या धाकट्या बहिणीची, विशालाक्षीची मुलगी. आते-मामे भावंडं. चंदना पाळण्यात असतानाच रणोजीरावांनी तिच्या हातात चांदीचा वाळा घातला होता आणि ही आमची म्हणून सांगून टाकलं होतं. पोरगी शाळेत शिकवते, पोरगा कंपनीत आहे, दोघं एकमेकांना आवडतात. कुणाची तक्रार नव्हती.

दुपारी मॅडमनी त्यांना गणित दाखवायला बोलावलं. मॅडम चांगल्या होत्या, शिपायालासुद्धा गणित समजावत. ‘बघा मनोहरराव, चारशे बारा माणसं म्हणजे आठशे चोवीस प्रती. त्यांत बिघडलेल्या तेहतीस. शेकडा चार झाल्या. या प्रमाणात दोन्ही प्रती बिघडलेली माणसं किती सापडायला हवीत? शून्य पूर्णांक सहासष्ट. एक माणूससुद्धा पुरा नाही. आणि आपल्याला मिळाली शून्य. अगदी बरोबर बसतंय. शिवाय आपण सगळे मोठेच तपासले, आणि टी-टी मूल जुन्या काळी मोठं व्हायचंच कुठे?’

मनोहरराव त्या रकान्यातल्या शून्याकडे बघत राहिले. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की शून्य नाही मॅडम, एक होता. त्याचं नाव भुवन होतं. त्याला तांबड्या बसचं वेड होतं आणि त्याचं पोट फुगलं होतं आणि तो साडेतीन वर्षांचा होता. पण ते ‘हो मॅडम’ म्हणाले आणि चहाचे कप उचलून घेऊन गेले. कप उचलणं त्यांचं काम नव्हतं.

भुवन नव्वद साली झाला. वनजा मनोहररावांच्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणजे तेही घरातलंच लग्न. सहा महिन्यांत पोर पांढरं पडायला लागलं. रक्त तयार होत नाही, एवढंच डॉक्टर सांगत. महिन्यातून दोनदा बाटली चढवायची. चौऱ्याण्णवला तापाचं निमित्त झालं आणि पोर गेलं. मनोहररावांच्या आईनं सगळा दोष वनजाच्या अंगावर टाकला. स्वतःच्या भावाची मुलगी, पण सून झाल्यावर भाची कुठली? हिच्या दुधात खोट, हिच्या पायगुणात खोट. वनजानं सोमवार धरले, नंजनगूडच्या शंकराला अनवाणी चालत गेली, मीठ सोडलं. तोंडातून शब्द काढला नाही.

मग अठ्ठ्याण्णव साली संस्थेत नवीन यंत्र आलं. यंत्र नीट चालतं का ते पाहायला तंत्रज्ञांनी आपापलं रक्त घातलं. मनोहररावांचं एन-टी निघालं. त्या रात्री त्यांनी जेवण टाळलं. आठ दिवसांनी ‘तुला अशक्तपणा दिसतोय’ म्हणून वनजाचं रक्त काढलं. तेही एन-टी. म्हणजे एक बिघडलेली प्रत बापाची, एक आईची. खोट असलीच तर निम्मी निम्मी.

हे घरी जाऊन सांगायचं होतं, बस्स, एवढंच करायचं होतं. एक वाक्य. पण आई जिवंत होती, ओसरीवर बसून होती, आणि दोषातला निम्मा वाटा आपल्या नावावर लावून घेण्याची या माणसाची छाती झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू. पुन्हा मूल झालं तर पुन्हा तेच होईल या भीतीनं त्यांनी पाठदुखी सांगून अंथरूण हॉलमध्ये हलवलं. पाच वर्षांनी आई गेली, तोवर न सांगण्याची सवय लागली होती. दुसऱ्यांच्या वाड्यांत जाऊन ‘तपासून घ्या, लपवू नका’ म्हणून घसा कोरडा करायचा आणि घरी येऊन गप्प जेवायचं. माणूस कशानं थकतो? कामानं नव्हे.

आता विश्वजीत आणि चंदना. मनोहररावांनी आधी सोपी वाट धरली. समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश टाकला की सर्वांनी आपली हिरवी चिठ्ठी घेऊन यावं, रिपोर्ट न्यावा, विशेषतः ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी. खाली चाळीस जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. आलं कुणी नाही.

मग ते रणोजीरावांच्या घरी गेले. मंडपवाल्याशी बोलणं चाललं होतं.

‘रणोजी, मुलांच्या चिठ्ठ्या दे की. रिपोर्ट आणून देतो.’

‘अय्यो, आता कशाला हो भावजी? लग्न झाल्यावर बघू निदानवागी, आरामात.’

‘लग्नाच्या आधीच बघायचं असतं ते.’

रणोजीराव खो खो हसले. ‘बाहेरची पोरगी आणली असती तर तपासलं असतं. ही आपली चंदना! आपलंच रक्त आहे, अदरल्ली, त्यात, काय तपासायचं?’ मग आवाज जरा खाली आला. ‘आणि हळद लागायच्या आधी दवाखान्याचा कागद घरात नको. बिडी, सोडा ते. सुपारी घ्या.’

मनोहररावांनी सुपारी घेतली. जिभेच्या टोकावर आलं होतं, पण माइकवर दिलेला शब्द आडवा आला. चारशे बारा माणसांनी त्या शब्दावर हात पुढे केला होता. एकाचं नाव फोडलं तर उद्या या समाजात कुणी डॉक्टरसमोर बाही वर करणार नाही. आणि खरं सांगायचं तर शब्दाची ढाल बरीही वाटली. गप्प राहण्याला इतकं चांगलं कारण त्यांना आजवर मिळालं नव्हतं. हे त्यांचं त्यांनाच कळलं आणि बसस्टॉपवर उभे राहून त्यांनी तोंडातली सुपारी थुंकून टाकली.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या खोलीत गेले. नावं न घेता विचारलं, समजा मॅडम, आपल्याला कळलं की लग्न ठरलेली दोघंही एन-टी आहेत, आणि ती चिठ्ठी घेऊन येत नाहीत, तर?

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. रांगेची भानगड त्यांच्या तेव्हाच लक्षात आली असावी. ‘तुम्ही सांगायचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मी संस्थेच्या नैतिक समितीकडे जाते, पण त्यांच्या बैठकीला महिना लागेल. तुम्ही मात्र कुणाचा नंबर तोंडातून काढायचा नाही. स्वतःचा सोडून. स्वतःचा रिपोर्ट तुम्ही रस्त्यावर उभे राहून वाचून दाखवा, तुम्हाला कोण अडवणार?’

मनोहररावांनी खिशातून स्वतःची हिरवी चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. मॅडमनी नंबर काढला, रिपोर्ट वाचला, आणि वर बघितलं.

‘मिसेस?’

‘तीपण. मला माहीत आहे.’

‘मुलं?’

‘एक होता, मॅडम. त्या शून्याच्या रकान्यातला.’

मॅडमनी सही केली आणि कागद दोन्ही हातांनी त्यांना दिला. लौकर घरी जा म्हणाल्या.

घरी वनजा गच्चीवर लग्नासाठी घातलेले सांडगे काढत होती. ऊन कलायला आलं होतं. पांढऱ्या कपड्यावरून एकेक सांडगा सोडवून ती टोपलीत टाकत होती. यांना बघून म्हणाली, ‘आज लौकर? बरं आलात. स्वल्प, जरा तो कपडा पलीकडून ताणून धरा.’

मनोहररावांनी कपडा धरला. एका बाजूला ते, एका बाजूला ती.

‘वनजा, भुवन तुझ्या दोषानं गेला नाही.’

तिचा हात थांबला. ‘आता कशाला तो विषय? मंगलकार्य आहे घरात.’

‘त्यासाठीच.’

आणि त्यांनी सांगितलं. कागद वाचून दाखवला. एक प्रत माझी, एक तुझी, दोघंही बरे, पण दोन्ही बिघडलेल्या एकाच पोराच्या वाट्याला आल्या तर भुवनसारखं होतं. आपण दोघं तसे निघालो. तुझ्या दुधाचा, पायगुणाचा काही संबंध नव्हता. अम्मा म्हणायची ते सगळं खोटं होतं. घरातलंच रक्त म्हणून निर्धास्त राहतात, तिथेच हे जास्त होतं. लग्नापासून आजवर ते तिच्याशी एका दमात इतकं बोलले नव्हते.

वनजानं मध्ये एकदाच विचारलं, ‘चंदनाला आणि विश्वाला पण आहे?’

‘ते मी सांगू शकत नाही. माझा शब्द आहे. आपलं तेवढं सांगू शकतो.’

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. छत्तीस वर्षांचा संसार होता, बाकीचं तिला चेहऱ्यावर वाचता येत होतं. तिनं पदराला हात पुसले. ‘फोन द्या इकडे.’

चंदनानं लगेच उचलला. मावशीचा फोन ती नेहमीच लगेच उचलायची, अर्धं लहानपण तिचं या घरात गेलं होतं.

‘चंदू, ऐक. मधे बोलू नको. माझा भुवन होता ना, तो कशानं गेला ते आज मला कळलं.’ वनजानं सगळं सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे एकही गोष्ट चुकवली नाही. कुठल्या प्रतीचं काय, कुणाकडून काय, सरळ सांगितलं. ‘तू आणि विश्वा, दोघं हिरवी चिठ्ठी घेऊन उद्याच्या उद्या काकांच्या ऑफिसात जा. दादाला मी बघते, मोठा भाऊ झाला म्हणून काय झालं. लग्न मोड म्हणत नाही ग मी. करा लग्न. पण डोळे उघडे ठेवून करा. पोटात असतानाच तपासता येतं म्हणे आता. आणि दोघांना असलं म्हणून सगळी पोरं तशी होत नाहीत. चारात एकाला होतं. तीन बरी होतात. तीन...’

तिनं टोपलीतला एक सांडगा उचलला आणि परत ठेवला.

फोनमधून चंदनाचा आवाज येत राहिला. ‘मावशी? मावशी, ऐकू येतंय ना?’

‘येतंय,’ वनजा म्हणाली. ‘तीन बरी होतात म्हणाले. उद्या जा.’

‘जातो ग आम्ही. रडू नको.’

‘मी कुठे रडतेय?’ खरंच ती रडत नव्हती. तिनं फोन बंद करून कठड्यावर ठेवला. खालच्या रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली. वनजा त्यांच्याकडे वळली.

‘तुम्हाला कधी कळलं हे? आज?’

इथेही खोटं बोलता आलं असतं. पण अंगात त्राण उरलं नव्हतं.

‘अठ्ठ्याण्णव साली.’

‘ते अशक्तपणाचं म्हणून रक्त काढलंत, तेव्हा?’

‘हो.’

वनजानं बोटांवर काहीतरी मोजलं. ‘तेव्हा मी एकतीस वर्षांची होते.’

‘मला भीती वाटली, वनजा. परत तसंच पोर हातात आलं असतं तर?’

‘भीती मलाही वाटली असती की हो. दोघं मिळून भ्यालो असतो.’

मनोहररावांनी कपडा अजून धरून ठेवला होता. वनजानं उरलेले सांडगे सोडवले, त्यांच्या बाजूचेसुद्धा. एकही मोडू दिला नाही. टोपली कमरेवर घेतली आणि जिन्यापर्यंत गेली. तिथे तिनं मागे न वळताच सांगितलं,

‘तुम्ही हॉलमध्ये झोपायला लागलात ना, तेव्हा मला वाटलं, अम्मांचं ऐकून मी तुम्हाला नकोशी झाले. म्हणून मी काही विचारलं नाही. सव्वीस वर्षं मी खोलीचं दार लोटून घेतलं नाही, तुम्ही याल म्हणून.’

आणि ती खाली उतरून गेली.